सुंदर अक्षरातला अर्ज

वरची कोम्बा, ९ जानेवारी

एदमो,

तुझं पत्र पोचलं. रेनातोनं ते पावाच्या गाडीतून वर आणलं, तेही दोन पावांच्या मधे दाबून. पाकीट फोडलं तर आधी पीठ सांडलं, मग तू. दोन महिन्यांनी भावाला बहीण आठवली म्हणून मी चष्मा पुसून बसले. गुडघ्याचं विचारलं असशील, छप्पर गळतंय का ते विचारलं असशील. कुठलं काय! "इर्मा, तू अडतीस वर्षं शाळा शिकवलीस, तुझं अक्षर चांगलं आहे, तर आमचा अर्ज तू लिहून दे." नोव्हेंबरच्या सभेत सगळ्या मंडळीसमोर ज्या बहिणीला "म्हातारपणी हिचं डोकं फिरलंय" म्हणालास, तिच्याच अक्षरावाचून तुझं अडलं.

विषय मला ठाऊक असूनही तू पानभर समजावलायस. आता माझ्या बाजूनं ऐक.

शाळा आपल्या चर्चच्या मंडळीच्या मालकीची आहे. एक खोली, एक शेगडी, सहा बाकं. शेवटचं पोर बाहेर पडल्याला अठरा वर्षं झाली, आता तिथं उंदीर शिकतात. खाणीत दगड फोडणाऱ्या अकरा मोरोक्कन कुटुंबांनी आपल्या पाळकांना विचारलं, की शुक्रवारी दुपारी दोन तास ही खोली नमाजाला मिळेल का. सध्या ते खाणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये नमाज पढतात. गेल्या शुक्रवारी तिथं उणे नऊ होतं. मागणं एवढंच आहे आणि त्यावर ९ फेब्रुवारीच्या सभेत मतदान आहे.

तर नोव्हेंबरच्या त्या सभेत तू उभा राहिलास आणि छातीवर हात ठेवून म्हणालास, "या भिंतींसाठी आपल्या पूर्वजांनी रक्त सांडलंय!" टाळ्या पडल्या. अरे, त्या भिंतींसाठी कुणाचं नखसुद्धा मोडलं नव्हतं. एका परदेशी माणसानं दया येऊन त्या बांधून दिल्या. रक्त सांडलं ते त्याच्या कितीतरी आधी. पोपला न मानणाऱ्या आपल्या वाल्देन्सी ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेला वर जागा मिळत नव्हती, म्हणून ते गुडघ्यांवर रांगत गुहेत शिरायचे. बाबांनी आपल्याला हात धरून ती गुहा दाखवली होती. तू आत घाबरून रडलास आणि चड्डी ओली केलीस. पूर्वजांचं रक्त तुझ्या लक्षात आहे, हे मात्र तू सोयीनं विसरलास.

काल त्यांच्यातला द्रिस लाकडं घेऊन आला होता. बावीस वर्षं खाणीत आहे, आपली बोली आपल्या नातवंडांपेक्षा चांगली बोलतो. मला सगळ्यांसारखं 'मान्या' म्हणतो, म्हणजे मावशी. मी त्याला कोबी आणि सुक्या पावाचं आपलं सूप वाढलं आणि नाव सांगितलं: बार्बेत सूप.

"बार्बेत म्हणजे काय, मान्या?"

"आम्हाला देत होते ती शिवी. चांगली शिजली की चव येते."

तो हसला. मग चमचा ठेवून म्हणाला, "आम्हाला देतात त्या शिव्यांचं काय करता येईल, बघायला पाहिजे. एखादी मटणात चालेल."

तुझ्या अर्जाचा विचार करते. हो म्हटलेलं नाही.

इर्मा

(गुडघा बरा नाही. विचारल्याबद्दल आभार.)

वरची कोम्बा, २० जानेवारी

एदमो,

विचार करते म्हटलं होतं, केला, आणि लिहिलंही. खुर्चीतून पडू नकोस.

तुझा मसुदा मी शेगडीत घातला. त्यात "आमचा विरोध धर्माला नाही, गाड्या लावायच्या जागेला आहे" असं तीनदा होतं. कोम्बात एकूण चार गाड्या आहेत आणि त्यांतली एक चालत नाही. अरे, बोलायचं तर नीट बोलावं माणसानं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी तुझ्या मनातलं मनासारखं लिहिलंय. हे घे:

"सदर धर्माचे लोक या खोऱ्यात कामापुरते राहोत, परंतु नेमून दिलेल्या हद्दीबाहेर त्यांनी प्रार्थनेसाठी जमू नये. त्यांच्या जमण्याच्या जागेस बाहेरून कोणतीही खूण नसावी, व त्यांचे पठण रस्त्याने जाणाऱ्या सज्जनांच्या कानी पडू नये. त्यांनी बाहेरच्या मुलुखातून उपदेशक आणू नयेत, कारण त्यांची निष्ठा परक्या देशाशी आहे. त्यांची कुटुंबे मोठी असतात व संख्या वाढत जाते, हे ध्यानात घ्यावे. आज त्यांस एक खोली दिली, तर उद्या ते सबंध खोरे मागतील. आजवर जे चालू दिले ती दया होती. दयेचा हक्क होत नाही."

'मुसलमान' हा शब्द मी मुद्दामच वापरलेला नाही. 'सदर धर्माचे लोक' म्हटलं की कचेरीत भारदस्त वाटतं. माझी एकच अट आहे. यातला एक शब्द बदलायचा नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. तुझे स्वल्पविराम मला लहानपणापासून माहीत आहेत, तू ते मिठासारखे वाटेल तिथं टाकतोस.

सही पहिली तुझी असू दे. तू मंडळीचा कारभारी आहेस, मान तुझा आहे. मी मात्र सही करणार नाही. लिहिणाऱ्यानं सही करायची नसते, असं समज.

इर्मा

वरची कोम्बा, ३ फेब्रुवारी

एदमो,

एकसष्ट सह्या! आजच रेनातोनं तो कागद दाखवला. त्यानं तो गाडीच्या फळीला, पावांच्या वर, चार खिळ्यांनी ठोकलाय. पाव घ्यायला येतो तो सही करून जातो. पहिली सही तुझी, ठसठशीत, खाली रेघ ओढलेली.

सकाळी गाडीपाशी मादलेना भेटली. तिनं माझा हात धरला. "इर्मा, बाई, अगदी मनातलं लिहिलंस! 'आज एक खोली, उद्या सबंध खोरं.' मी हेच तर म्हणत होते, पण मला मांडता येत नव्हतं."

"तुझ्याआधीही कुणाकुणाला हेच वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटणारच! डोळे असलेल्या कुणालाही वाटेल."

मग ती म्हणाली, की ते परक्या देशातून उपदेशक आणतात ते तर धोक्याचंच. मी तिला आठवण करून दिली, की आपले जुने पाळक सगळे जिनिव्हाहून शिकून यायचे. "ते वेगळं," ती म्हणाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ती चांगली बाई आहे, एदमो. माझ्या आजारपणात तिनं आठ दिवस माझ्या घरात झाडलोट केली. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसांनी वाईट वागलं तर मला एवढा त्रास झाला नसता.

आता दुसरं सांगते. हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तूही माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा बरंच आहे.

शनिवारी द्रिस लाकडं घेऊन आला. दारात रचली, नीट, सालीची बाजू वर करून, मला आवडतात तशी. सूप तयार होतं. मी आत ये म्हटलं. तो आला नाही. टोपी हातात घेऊन पायरीवरच उभा राहिला.

"पावाच्या गाडीवरचा कागद बघितला," तो म्हणाला. "मान्या, तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

एवढंच बोलला आणि गेला. एक शिवी घातली असती तर मी ती शिजवून खाल्ली असती. मी दार लावलं आणि शेगडीपाशी बसून रडले, या वयात, नाक पुसायला फडकं शोधत. त्याला खरं सांगता येत होतं, तरी मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रविवारच्या सभेआधीच सगळ्या खोऱ्याला कळलं असतं, आणि मग काही उपयोग नव्हता.

तू म्हणशील, खरं म्हणजे काय खरं? गुरुवारी कळेल.

इर्मा

वरची कोम्बा, ६ फेब्रुवारी

एदमो,

या पाकिटात एक किल्ली आहे. प्रार्थनामंदिरातल्या दप्तराच्या कपाटाची. खिडकीकडून तिसरा कप्पा, निळ्या दोऱ्यानं बांधलेलं पुडकं. वरून चौथा कागद काढ. खाली बसून काढ, तुझा रक्तदाब वाढतो.

तो कागद म्हणजे तुझा अर्ज आहे. त्यावरचं साल १७३८.

मी त्यातला एकही विचार रचलेला नाही. खालच्या गावच्या न्यायाधीशानं आपल्या कोम्बाविरुद्ध काढलेला हुकूम आहे तो. 'सदर धर्माचे लोक' म्हणजे आपण. मोठी कुटुंबं आपली, परक्या देशाशी निष्ठा आपली, रस्त्यावर ऐकू जाऊ नयेत ती स्तोत्रं आपली. मी भाषा थोडी सोपी केली आणि तारीख तेवढी गाळली. त्या हुकुमानंतर तेरा कुटुंबांना खोरं सोडावं लागलं, फेब्रुवारीतच, घाटात गुडघाभर बर्फ असताना. पुडक्यातल्या पाचव्या कागदावर त्यांची नावं आहेत. सातवं नाव आपल्या घराण्याचं आहे, आणि त्यापुढे लिहिलंय: 'दोन लेकरांसह, धाकटे वाटेत गेले.'

त्या हुकुमाखाली आपल्यातल्या एकसष्ट जणांनी सही केली. अडीचशेहून जास्त वर्षं उशिरा, पण स्वखुशीनं, पाव घेता घेता.

मला वाटायचं, की इतकं सोसलेल्या माणसांना दुसऱ्याचं सोसणं ओळखू येत असेल. कसलं काय. सासूनं छळलेली सून पुढे सासू झाली की काय करते ते आपण घरोघरी बघतोच. दर १७ फेब्रुवारीला आपण राजानं आपल्याला हक्क दिले तो स्वातंत्र्याचा दिवस पाळतो, आदल्या संध्याकाळी डोंगराडोंगरावर होळ्या पेटवतो, बायका पांढऱ्या टोप्या घालतात, डोळे पुसतात. आणि बाराही महिने ते कपाट बंद असतं.

तू चिडशील. चीड. मी तुला फसवलं, तुझ्या सहीला फसवलं, मादलेनाला फसवलं. मला त्याची लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती आज लिहूनच टाकते, नाहीतर तू म्हणशील की ही बया स्वतः मोठी पवित्र.

बावीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, द्रिस पहिल्यांदा कोम्बात आला तो माझ्याच दारात. अंगावरचं जाकीट ओलंचिंब, हातात एक पिशवी. माझी गोठ्यावरची खोली भाड्यानं आहे असं त्याला रेनातोच्या बापानं सांगितलं होतं. मी चेस्टनट सोलत होते. त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "दिली. कालच दिली." खोली रिकामी होती. त्यानंतरही रिकामीच राहिली. तो "हरकत नाही" म्हणाला, वर आभार मानले, आणि तो सगळा हिवाळा खाणीतल्या हत्यारांच्या शेडमध्ये झोपला. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही, तू बघितलंयस. यंत्रात गेली असं तो सांगतो. एदमो, त्या हिवाळ्यात खाण बंद होती. यंत्रं चालत नव्हती. करंगळी थंडीनं गेली आणि ती थंडी मी दिली.

मार्चमध्ये माझ्या छपराचे दगड बसवायला तोच आला, तेव्हाच ती करंगळी नव्हती. कधी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा मी तुझ्यापेक्षा चांगली नाही, हे मला नीट ठाऊक आहे. फरक एवढाच, की तुझं पाप अजून व्हायचंय आणि माझं होऊन गेलंय.

रविवारी अर्ज तू वाचून दाखवणार आहेस. सगळा वाच, शेवटी तारीखही वाच. तुझ्या तोंडून ऐकलं तर लोक ऐकतील, कारण तू त्यांच्यातला आहेस आणि मी डोकं फिरलेली म्हातारी. तू वाचली नाहीस तर मी उभी राहीन. गुडघा दुखतोय, तरी राहीन.

तुझी बहीण,
इर्मा

वरची कोम्बा, ११ फेब्रुवारी

एदमो,

तू सभेनंतर मागच्या दारानं गेलास, म्हणून पुढच्या दाराशी काय झालं ते तुला माहीत नाही. सांगते. पण आधी तुझं.

तू वाचलंस छान. आवाज बाबांसारखा आहे तुझा. "दयेचा हक्क होत नाही" या वाक्याला मागच्या बाकांवरून कुणी "बरोबर!" म्हणालं. मग तू थांबलास. कागदाकडे बघत राहिलास. मी मनात म्हणत होते, वाच, एदमो, वाच रे. आणि तू घडी घातलीस आणि खाली बसलास.

म्हणून मी उठले. वाकडीतिकडी, बाकाला धरून. म्हटलं, "तारीख राहिली. हा हुकूम १७३८ सालचा आहे, आणि तो आपल्यावर काढलेला आहे." मग उतरवून आणलेली ती तेरा नावं वाचली. त्यांतली नऊ आडनावं समोर बसलेली होती. मादलेनाचं आडनाव आलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. मग तुझ्या शेजारचा तो सुतार उठून ओरडला, "ही लबाडी आहे! बाईनं आपल्याला वेड्यात काढलं!" मी म्हटलं, "हो, काढलं. पण सही करताना हात कुणी धरला होता का?"

पाळकांनी मतदान घेतलं. चिठ्ठ्या मोजल्या. शाळा द्यावी: अठ्ठावीस. देऊ नये: एकतीस. तीन मतांनी हरलो. तुझी चिठ्ठी कुठल्या ढिगात होती, मला माहीत नाही.

पण सह्यांचा कागद मी उचलून घरी आणलाय. चुलीत घालायला घेतला आणि खिडकीपाशी धरून बघितला. सगळ्यांत वरची सही खोडलेली आहे. पेन्सिलीनं! किती हलकी रेघ ती, वाटलं तर पुसता यावी अशी. मला हसावं की रडावं कळेना. लहानपणी शेजारच्यांची काच फोडलीस तेव्हाही तू असाच आलास, माफी मागायला दारापर्यंत, आणि घंटा वाजवून पळालास.

आता पुढच्या दाराचं. द्रिस फाटकाबाहेर उभा होता, त्याची मुलगी वफा आणि आणखी तिघं-चौघं. आत बोलावलेलं नव्हतं, म्हणून बर्फातच उभे. माझं बोलणं त्यांना बाहेर ऐकू गेलं होतं, निकाल चेहऱ्यांवरून कळला. लोक खाली बघत त्यांच्या बाजूनं निघून चालले होते. वफाचा चेहरा लाल झाला होता. ती मला म्हणाली, "आता काय कौतुक करायचं का तुमचं? हरलातच ना!" बरोबरच होतं तिचं.

मी पायरीवरच थांबले, सगळी मंडळी अजून अंगणात असताना. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज अजून आहे माझ्याकडे. म्हटलं, "द्रिस! माझी गोठ्यावरची खोली रिकामी आहे. जिना वेगळा आहे, शेगडी आहे. येत्या शुक्रवारपासून घ्या."

सगळे थांबले. द्रिसनं टोपी काढली. मग म्हणाला,

"ती तर तुम्ही कालच दिली होती ना, मान्या?"

एदमो, त्याला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. मी म्हटलं, "खोटं बोलले होते मी."

"पडदा उघडा होता," तो म्हणाला. "पलंगावर मांजर झोपलं होतं. मला वाटलं, मांजराला दिली असेल."

आणि हसला तो. मी हसले नाही. मी खाली उतरून, सगळ्यांच्या देखत, त्याचा डावा हात हातात घेतला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मान्या, माफीचं नंतर बघू, आधी खोलीला रंग लागेल." मग म्हणाला, की अक्षर तुमचंच होतं, पण शब्द तुमचे नसणार असं वफाची आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, मीच मूर्ख.

काल त्यांनी पलंग खाली काढला. मक्केची दिशा शेगडीच्या भिंतीकडे निघाली, म्हणजे गार लागणार नाही. मादलेना जिन्याखाली येऊन उभी राहिली. वर आली नाही. एक गालिचा ठेवला आणि म्हणाली, "जुना आहे. देत नाहीये, वापरायला ठेवतेय." चालेल, हळूहळू येऊ देत.

तो सुतार नगरपालिकेत गेलाय असं ऐकते. खोलीला दुसरं दार नाही, जिना अरुंद आहे, गाड्या लावायला जागा नाही. माणूस पाठवणार आहेत म्हणे. पाठवू देत. मी त्याला बार्बेत सूप वाढीन, निळ्या दोऱ्याचं पुडकं समोर ठेवीन आणि म्हणेन, तुमच्याआधी आलेल्यांचे कागद आमच्याकडे जपून ठेवलेत, तुमचाही ठेवू. खोली माझी आहे. मला त्यात कुणाला बसवायचं ते मी ठरवीन, आणि मेले तर वफा ठरवेल, तसं पाळकांसमोर लिहूनही ठेवलंय.

पहिला शुक्रवार १४ तारखेला आहे. १६ च्या संध्याकाळी कोम्बाची होळी. गेली चार वर्षं ती पेटली नाही, कारण लाकडं वर चढवायला कुणी हात उरले नव्हते. यंदा लाकडं चढली आहेत. कुणी चढवली ते तू ओळख.

सह्यांचा तो कागद मी जाळणार नाही. शेल्फवर ठेवलाय, तुझ्यासाठी. होळीच्या दिवशी वर ये, आणि ती पेन्सिलीची रेघ शाईनं ओढ. पेन माझ्याकडे आहे. राहायला मात्र माझ्या स्वयंपाकघरात झोपावं लागेल.

खोली दिलीय. या वेळी खरंच दिलीय.

इर्मा